मागच्या शॉकची दुरुस्ती आणि अर्जात नसलेला रकाना : माझा अनुभव

माझ्या सायकलीचा मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा हवेचा दांडा, दुरुस्तीला पाठवायचा होता. त्या अर्जात स्वाराचे वजन, हवेचा दाब आणि शॉकचे मॉडेल विचारले होते. मात्र हा शॉक कोणत्या फ्रेमवर बसतो, हे विचारणारा रकानाच त्यात नव्हता. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या सायकलीचे मागचे चाक खड्ड्यात कसे वागेल, चढावर सायकल दबेल की नाही आणि ब्रेक दाबल्यावर मागची बाजू ताठ होईल का, यांतले बरेचसे फ्रेमची रचना ठरवते. ज्यांचा धंदाच शॉकचा आहे त्यांना एवढे विचारावेसे वाटू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परतवाड्याजवळच्या आमच्या गावात अशी सायकल माझ्याखेरीज कोणाकडे नाही. ती मी जुनी घेतली. चाके २९ इंची, मागचा ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचे अंतर) १३५ मिमी आणि मागची रचना चार दांड्यांची असून तिचा एक पिव्होट (फिरता सांधा) चेनस्टेवर, म्हणजे चेनलगतच्या खालच्या दांड्यावर, एक्सलच्या थोडा पुढे आणि खाली आहे. सायकलींचे रचनाकार हॉर्स्ट लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाणारी हीच ती रचना. चिखलदऱ्याच्या उतरणीला तिचा गुण कळतो. मागचा ब्रेक सीटस्टेवर (वरच्या दांड्यावर) असतो आणि सीटस्टे मुख्य पिव्होटला थेट जोडलेला नसतो, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही चाक दगडांवरून मोकळेपणाने वरखाली होत राहते. माझ्या मावसभावाची सायकल एकाच पिव्होटची आहे. त्याच उतरणीला ब्रेक धरला की तिची मागची बाजू आखडते. मात्र त्याच्या सायकलीला सांभाळायची बेअरिंगे कमी आहेत, हेही खरे.

शॉकच्या दांड्यावर तेल दिसू लागले आणि रिबाउंडची (दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते ठरवणारी) कळ कितीही फिरवली तरी मागची बाजू उसळतच राहिली, तेव्हा आतले डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला आवर घालणारी यंत्रणा, गेले हे उघड झाले. परतवाड्याच्या मिस्त्रींनी शॉक हातात घेऊन पाहिला आणि सांगितले, ‘भाऊ, हे आपल्याच्यानं होत नाही.’ मग तो मोठ्या शहरातील सर्व्हिस सेंटरला पाठवला. पाठवताना हवा पूर्ण काढावी आणि बोल्टभोवतीच्या सगळ्या बुशिंगा व स्पेसर वेगळ्या पिशवीत घालून घरीच ठेवावेत.

पुढे सेंटरचा फोन आला. जुना शॉक दुरुस्त होणार नाही, त्याच मापाचा नवीन पाठवत आहोत, असे त्यांनी कळवले. मी स्ट्रोक किती, असे विचारले, तर उत्तर मिळाले, ‘सर, साईज सेम आहे.’ पार्सल उघडले तेव्हा शॉकवर २१० बाय ५५ असे छापलेले होते. जुना शॉक २१० बाय ५० होता. पहिला आकडा म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टमधील अंतर, आणि ते जुळत असल्यामुळे शॉक फ्रेमवर बिनबोभाट बसतो. दुसरा आकडा म्हणजे स्ट्रोक, शॉक किती दबतो ते, आणि सगळा घोळ त्याच ५ मिमीत होता.

चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक म्हणजे लिव्हरेज रेशो. माझ्या फ्रेमचा सरासरी रेशो २.७ आहे. ट्रॅव्हलच्या सुरुवातीला तो जास्त असतो आणि शेवटाकडे उतरत जातो, म्हणून लहान खडे सहज गिळले जातात आणि मोठ्या उडीनंतर शॉक घट्ट होत जातो. शेवटाकडचा कमी रेशो धरला तरी स्ट्रोकचे ५ मिमी म्हणजे चाकाचे सुमारे १२ मिमी, आणि तेवढी जागा फ्रेम बनवणाऱ्याने सोडलेलीच नसते. मी शॉकमधली सगळी हवा काढली, सायकल उभी धरून सीटवर पूर्ण भार दिला आणि मागचे चाक शेवटपर्यंत वर नेले. टायरच्या मधल्या गुट्ट्या सीटट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) जाऊन टेकल्या आणि रंगावर काळा पट्टा उमटला. शॉक बदलला की चालवण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी.

हे मी सेंटरला फोटोसह कळवले. त्यांचे उत्तर होते की हवा वाढवा. हवा वाढवली की सॅग (स्वार बसल्यावर शॉक जेवढा दबतो ते प्रमाण) कमी होतो, चाक जमीन सोडू लागते आणि चढावर पकड जाते. स्ट्रोक मात्र ५५चा ५५च राहतो. आत व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) घातले तरी शेवटचा भाग कडक होईल इतकेच, मर्यादा बदलणार नाही. स्ट्रोक कमी करणारा ५ मिमीचा स्पेसर आत बसवून द्या, अशी माझी एकच मागणी होती. त्यावर, नवीन शॉक उघडला तर वॉरंटी जाईल, हे वाक्य मला प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात ऐकवले गेले. वॉरंटी देणारेही तेच आणि उघडणारेही तेच, हे मी लेखी विचारले, तर त्याला उत्तरच आले नाही. कपाशी वेचणीला आलेली, सायकल पडवीत मागच्या चाकाविना उभी आणि मी फोनवर पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगत बसलेलो, असे बरेच दिवस चालले.

शेवटी मी ‘तुमच्या मेकॅनिकशीच बोलू द्या’ यावर अडून बसलो. त्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘फ्रेम कोणती, आणि कोणत्या वर्षाची?’ दोन मिनिटांत त्यांना सगळे कळले. त्यांनी स्पेसर तर बसवलाच, शिवाय कॉम्प्रेशनची ट्यूनही (दबताना शॉक किती विरोध करतो ते) तपासली, कारण रेशो जास्त असलेल्या फ्रेमला आत अधिक घट्ट डॅम्पिंग लागते आणि पाठवलेल्या शॉकमधले हलके होते. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला आहे की फ्रेमचे नाव, वर्ष, ट्रॅव्हल आणि स्ट्रोक अर्जाच्या समासात स्वतःच्या हाताने लिहावे आणि थेट मेकॅनिकलाच गाठावे.

शॉक परत आल्यावर मी ३० टक्के सॅग ठेवला, म्हणजे ५० मिमी स्ट्रोकवर शॉकच्या दांड्यावरची ओ-रिंग (रबरी कडी) १५ मिमी सरकली पाहिजे. घाटाच्या चढावर आता पेडल मारताना सायकल बसत नाही. चेनचा ताण मागच्या दांड्याला खाली ढकलतो आणि त्यामुळे दबणे रोखले जाते. यालाच अँटी-स्क्वॉट म्हणतात. रचनेत तो फार ठेवला तर दगडांवरून जाताना पेडल पायाला उलटा झटका देते. माझ्या फ्रेमवर तो बेताचा आहे.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दाब पहाटे भरून दुपारी चालवू नये. २० अंशांना भरलेले २०० पीएसआय ४५ अंशांना सुमारे २१८ होतात. ज्या वेळी चालवायचे त्याच वेळी, सायकल थोडा वेळ बाहेर ठेवून, दाब तपासावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने तर ही सायकल काढूच नये. चेनस्टे आणि टायरमधल्या फटीत चिखल घट्ट बसतो, आणि तो काढायला प्रेशरचा पाइप पिव्होटवर मारला की बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते. काडीने खरवडावे आणि ओल्या फडक्याने पुसावे.