मालक चांगला आहे, तरी माणसं का जातात?

दिवाळी उलटली की शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्या ना कुठल्या मालकाच्या केबिनमध्ये हा प्रश्न मला विचारला जातोच. "मॅडम, पगार कधी थकवला नाही, बोनस वेळेवर दिला, पोरीच्या लग्नाला उचल दिली. तरी जुनी माणसं सोडून चाललीत. का?" कोल्हापुरातल्या लहान-मध्यम फाउंड्र्यांचं, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांचं, पीएफ-ईएसआयचं (भविष्यनिधी नि कामगार विम्याचं) काम मी बघते. बोनस हातात पडला की राजीनामे येतात, म्हणून प्रश्नही त्याच सुमाराला येतो. केबिनमध्ये चहा संपेपर्यंत नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर सांगते.

नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर आमच्याकडूनच भरली जाते. तिथे कारण निवडायला निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व, सेवासमाप्ती असे मोजके पर्याय आहेत. खरी कारणं तोंडी कळतात, तीही माणसाची सही झाल्यावर.

पगार हे कारण असतंच. शेजारच्या शेडमध्ये दोन हजार जास्त मिळाले की फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारी पोरं जाणार, त्यात नवल काही नाही. मी बोलतेय ते वीस-वीस वर्षं काढलेल्यांबद्दल: मोल्डिंगचा (साच्यांचा) सुपरवायझर, भट्टीवरचा माणूस, स्टोअरवाला. त्यांच्या सोडण्याच्या तारखा बघितल्या की बहुतेक वेळा आगेमागे एकच गोष्ट घडलेली दिसते. एक तर मालकाचा मुलगा कंपनीत बसायला लागलेला असतो, नाहीतर भावाभावांत वाटणीची कुजबुज सुरू झालेली असते.

लगेच मुलाला बोल लावू नका. ही पोरं शिकलेली असतात, रिजेक्शन (बाद माल) कमी करतात, हिशेबाला बापापेक्षा चोख असतात. पण थोरल्या साहेबांनी सगळा कारभार केला तो शब्दावर. "तुझ्या पोराचा आयटीआय होऊ दे, आत घेऊ." "घराचं काम काढ, पुढचं बघू आपण." उचलीचा हिशेब साहेबांच्या डोक्यात, जादा कामाचा मोबदला दिवाळीच्या पाकिटात. त्या भरवशावर माणूस बाहेरच्यापेक्षा कमी पगारात राहिलेला असतो. त्याच्या मनात ती बाकी जमा असते. मुलगा खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या पुढ्यात येते ती टॅली, कॉम्प्युटरवरचा हिशेब, आणि बापाचा शब्द टॅलीत कुठे दिसत नाही.

एका ठिकाणी मुलाने उचलींची यादी काढायला लावली आणि पगारातून हप्ते कापायला सांगितले. स्टोअरवाला म्हणाला, "थोरल्या साहेबांनी ते सोडून दिलेत, पोरीच्या बाळंतपणाचे होते." मुलगा म्हणाला, "मला बाबांनी तसं सांगितलेलं नाही." बाबा तिथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. पुढच्या महिन्यात मी त्या माणसाची तारीख भरली. सहीला आला तेव्हा म्हणाला, "पैशाचं काय न्हाई मॅडम, फिटले असते. पर साहेब गप बसले."

वाटणी व्हायच्या आधीचा काळ तर आणखी अवघड. भट्टीत चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, पडलेला असतो. थोरल्याचा फोन येतो, पंपाच्या जुन्या गिऱ्हाइकाचं ग्रे आयर्न आधी काढा. पाठोपाठ धाकट्याचा, ट्रॅक्टरच्या पार्टचं एसजी आत्ताच पाहिजे. ही बिडाची दोन वेगळी जातं, दोन्हींचा कच्चा माल वेगळा निवडावा लागतो. एसजीला लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) मॅग्नेशियम दिलं की काही मिनिटांत ओतावं लागतं, नाहीतर त्याचा असर उतरतो. भावांचं एकमत होईपर्यंत धातू थांबत नाही. ज्याचं ऐकलं नाही तो संध्याकाळी विचारतो, तू कुणाचा माणूस? पुढे काम कसंही होवो, सुपरवायझरच्या डोक्यात तो प्रश्न राहतो आणि तो दुसरीकडे चौकशी करायला लागतो.

मोठ्या घराण्यांतही वाटण्या होतात. गोदरेज कुटुंबाने 2024 मध्ये जाहीर केली, तेव्हा कुठल्या कंपन्या कुणाकडे हे कागदावर होतं. आपल्याकडे शेड एक, भट्टी एक, आणि सगळं आईच्या समोर तोंडी ठरतं. कामगाराला ते चहावाल्याकडून कळतं.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशांचंही तसंच. कायम कामगाराला सलग पाच वर्षं झाली की हक्क लागतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. समजा हातात 28,000 पडतात, पण ग्रॅच्युइटी ज्यावर मोजतात तो मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून 14,000 दाखवलाय. 22 वर्षांचे होतात साधारण 1 लाख 78 हजार. माणसाने मनात धरलेले असतात साडेतीन लाख, कारण थोरले कधीतरी म्हणाले होते, "तुला कमी पडू देणार नाही." मुलगा नियमाप्रमाणे देतो. तो चुकत नाही, आणि तरी पुढच्या टेबलावरचा माणूस हे बघून स्वतःचा हिशेब करायला लागतो.

म्हणून मालकांना माझं सांगणं असतं, मुलाची केबिन करण्याआधी एखाद्या सोमवारी, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, थोरल्यांना आणि जुन्या पाच-सहा जणांना एकत्र बसवा. कुणाला काय कबूल केलंय ते लिहा. जे देणं जमणार नाही तेही तोंडावर सांगा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "बाबांना असलं कसं विचारायचं? वाईट वाटेल त्यांना." मग पुढच्या दिवाळीला परत मलाच विचारतात.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी राजीनामा खिशात घेऊन फिरत असेल, तर द्यायच्या आधी पीएफचं पासबुक उघडून बघा, दर महिन्याची भर पडलीय का. रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का तेही बघा, कारण ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांचा हिशेब करताना तीच तारीख दाखवली जाते. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते. त्यासाठी थोरल्या-धाकट्या कुणाच्याच केबिनबाहेर बसावं लागत नाही.