आमची वाटचाल: मशीन शॉप, डिलिव्हरी आणि घरी जायची वेळ

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, व्हॉल्व्हचे स्पिंडल, बुश, फ्लँज असली जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना पार्ट करून द्यायची कामं करतो. बाबांनी एका सेकंडहँड लेथवर सुरू केलं होतं, आता दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आहेत. धंदा कसा वाढवला हे लोक विचारतात, पण मला जास्त अभिमान कशाचा असेल तर आमच्याकडे साडेसहाला शटर पडतं आणि तरी माल वेळेवर जातो ह्याचा.

ह्याची सुरुवात नवरात्रात झाली. बडोद्यात नवरात्रात माणूस थांबवून दाखवा! सहा वाजले की ऑपरेटर हात धुऊन "शेठ, गरबा छे" म्हणून निघणारच, ओव्हरटाइमचं आमिष तेव्हा चालत नाही. मग त्या नऊ दिवसांत प्लॅनिंग करावंच लागायचं, उद्याचं ड्रॉइंग, इन्सर्ट (कापायची पाती), जॉज (जॉब पकडायचे जबडे), मटेरियल सगळं आज दुपारीच काढून ठेवायचं, सकाळी पोरं जांभया देत यायची पण मशीन लगेच सुरू आणि डिस्पॅच अडायचं नाही. बायको अकाउंट बघते, ती म्हणाली मग बाकी वर्षभर रात्री काय करता तुम्ही? आणि तिने रिजेक्शनचं, म्हणजे माप चुकून बाद झालेल्या मालाचं रजिस्टरच काढून पुढ्यात ठेवलं.

बहुतेक रिजेक्शन रात्री आठनंतरचं. साहजिक आहे हो, दिवसभर उभा असलेला माणूस मायक्रोमीटर वाचतोय, थिंबलवर (फिरणाऱ्या भागावर) 50 रेघा, एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, डोळा थकला की तो अर्धा मिलिमीटर सरळ धरायचा राहतो. शाफ्ट जाड राहिला तर अजून एक कट मारता येतो, बारीक झाला तर भंगारात, काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही.

मग ठरवलं की उशिरा थांबवलं तर दुप्पट दर द्यायचा. 1948 च्या फॅक्टरी ऍक्टमधे तेच होतं, दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, त्यावर दुप्पट. दुप्पट दर कॉस्टिंगमधे टाकला की रात्रीचं काम किती महाग पडतं ते कागदावरच दिसतं. आणि रविवारी कामाचा मेसेज नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मधे रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी झटले म्हणून, आणि आपण व्हॉट्सॲपवर फोटो मागवून ती घालवायची हे मला अजिबात पटत नाही.

खरी गोची पेमेंटची आहे, ह्यावर फार कोणी बोलत नाही. पैसे अडकले की पगाराच्या धास्तीने मालक दिसेल ती ऑर्डर घेतो, जमणार नाही अशी तारीख देतो आणि मग सगळे रात्री जागतात. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी पैसे द्यायला जास्तीत जास्त 45 दिवस आहेत, त्यात 2024 पासून इन्कम टॅक्सच्या कलम 43बी मधे (एच) हे पोटकलम आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. तेव्हापासून मार्चमधे काही पार्ट्यांचे पैसे फोन न करता येतात. उद्यम नंबर (एमएसएमई नोंदणीचा) प्रत्येक बिलावर छापाच.

आता तारीख मी तोंडी देत नाही, मशीनचा लोड बोर्डवर लिहिलेला असतो तो बघून देतो. एक मोठी पार्टी ह्यामुळे गेली, रात्री फोन करून सकाळी माल मागायची सवय होती त्यांना, वाईट वाटलं, बिलिंग चांगलं होतं. पण रिजेक्शन कमी झालं आणि सोडून गेलेला एक चांगला सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) परत आला, त्याची मुलगी दहावीला आहे, संध्याकाळी तिला ट्यूशनला तोच सोडतो. कोणाच्या प्लँटला खरंच ब्रेकडाउन असेल तर आम्ही थांबतो, त्यासाठी पाळी लावलीय, जो थांबेल तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो.

तिसऱ्या सीएनसीची कोटेशन्स आलीयत, दिवाळीआधी घ्यायचा विचार आहे. बँकेला जो प्रोजेक्ट रिपोर्ट दिलाय त्यात हिशोब एकाच शिफ्टचा धरलाय.