मेथीचा पंधरवडा

मार्गशीर्ष वद्य अष्टमी, रात्र

हंगामाचे पैसे आगाऊ भरून आमची भाजी घेणाऱ्या शहरातल्या सभासदांच्या पिशवीत आज परत मेथीच. पहाटे वाफ्यात उतरलो तर पाल्यावर दहिवर इतकं, की गुडघ्यापर्यंत पँट चिंब. पण मेथी उपटावी ती याच वेळी. ऊन वर आलं की पानं माना टाकतात आणि सोलापूर गाठेपर्यंत जुडीत जीव राहत नाही. उपटायची, मुळांची माती झटकायची, शेंडे सारखे करून बांधायची. मध्येच एका मुळावरची गाठ नखाने फोडून बघितली. आत छान गुलाबी. म्हणजे नत्र धरण्याचं काम चालू आहे. कुणी खाओ न खाओ, जमिनीचं तरी पोट भरतंय.

तीन वाफे एकदम तयार झाले, त्याला कारण पाऊस. एरवी मेथीचं बी आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाकतो, म्हणजे महिन्याभराने एकेक वाफा हाताशी येत जातो. यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हलेना. आधी टाकलेलं बी सडलं. आमची जमीन काळी, भारी. एकदा पाणी प्याली की वापसा यायला आठ-दहा दिवस जातात आणि तोवर पाय टाकला की चिखल टाचेला धरून वर येतो. वापसा आला तेव्हा पुढे ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीला बाया गुंतणार होत्या, म्हणून सगळं बी एकाच आठवड्यात टाकलं. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा आपला जिल्हा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि कार्तिकात ओल हटेना म्हणून कपाळाला हात लावायचा!

पिशवीत आज दोन जुड्या मेथी, करडईची कोवळी भाजी, कांदापात, चुका आणि काटेरी वांगी. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू सभासदांनी अंबाडी विचारली. अंबाडी आता फुलावर आली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरा म्हणालो. त्यांच्या घरात तिच्या लोणच्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा बघवला नाही.

दुपारपासून फोन सुरू. "आण्णा, मेथी सोडून दुसरं काय नाही का ओ?" एक काकू तर म्हणाल्या, भाजी झाली, पिठलं झालं, थालीपीठ झालं, भाकरीत घालून झाली, आता मेथीचा चहा तेवढा राहिलाय. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

जास्तीची मेथी मार्केट यार्डात घालावी म्हणून मित्राला विचारलं. तो म्हणाला, "कशाला आणतो बे? तोडणी सुटणार नाही, टेम्पो तर लांबच." थंडीत सगळ्यांचीच मेथी एकदम येते. भाव पडतो, लोक रस्त्याकडेला ओतून जातात. यात नवीन काही नाही.

नवीन आहे ते माझ्या डोक्यात. इतके दिवस मला वाटायचं, आपल्या या मांडणीची परीक्षा टंचाईत होईल. श्रावणात हंगामाचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाला मे महिन्यात नुसता दोडका नि तांदुळजा मिळाला तर तो बोंब मारेल. कुणी मारली नाही. उलट "विहिरीला पाणी आहे का?" म्हणून चौकशी केली. कुरकुर होते ती मुबलक पिकल्यावर. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर मेथी मातीमोल झालेली दिसते आणि आपण आधीच पैसे देऊन बसलो हे खुपायला लागतं. मला राग नाही येत, मीही गिऱ्हाईक असतो तर हेच केलं असतं. पण त्या पैशांतून बी आलं, ठिबकच्या फुटलेल्या नळ्या बदलल्या, सडलेल्या पेरणीची मजुरी दिली. पिशवी समोर ठेवून जुडी-जुडीचा भाव लावायला लागलं की हिशोब कधीच जुळणार नाही.

आमचे एक सभासद प्राध्यापक आहेत. जपानात १९७०च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी असाच करार सुरू केला, अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर सुरुवात झाली, हे त्यांनीच मला सांगितलं. आणि वर म्हणतात, हे आपलं बलुतंच की. मला नाही पटत. बलुत्यात नाही म्हणायची सोय कुणाला होती? इथे काकू उद्या पैसे मागून घेऊ शकतात. तरी घेत नाहीत, एवढ्यावर तर सगळं उभं आहे.

वेळ अमावस्या

आज शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण, म्हणून सभासदांना पोराबाळांसकट शेतात बोलावलं होतं. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, माठात अंबिल, बाजरीचे उंडे. भज्जीला तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे सोलाणे, शेंगदाणे, कांदापात, चिंचेचा कोळ, बेसन, आणि अर्थात मेथी. मावशींनी बेत बघून विचारलं, "आण्णा, एवढी घालायची?" घाला म्हटलं.

जेवणाआधी पोरांना हरभऱ्यात नेलं. शेंडा खुडला की झाड फांद्या धरतं आणि खुडलेल्या पाल्याचा घोळाणा होतो, दुहेरी फायदा. पानांवरच्या बारीक लवेला आंब असते. थोड्याच वेळात बोटं चरचरायला लागली. एका पोराने बोट चाटलं, डोळे मिटले आणि परत चाटलं. मग सगळीच पोरं बोटं चाटत हिंडायला लागली, भाजी खुडायची राहिलीच.

बांधावर एक रिकामं क्रेट ठेवलं होतं. पिशवीतलं नको ते त्यात टाका, हवं ते उचला. पुढे शहरातही पिशव्या वाटतो तिथे हे क्रेट ठेवायचा विचार आहे. वांगी गेली, चुका गेला, करडई तर भांडून गेली. संध्याकाळी क्रेट मेथीने काठोकाठ. त्यातली निम्मी काकूंनीच नेली, वाळवून ठेवते म्हणाल्या. उरलेला वाफा सोमवारी वखराखाली घालणार.

आणि गाजर. दसऱ्याला टाकायचं बी दिवाळीनंतर पडलं, त्यामुळे भोगीच्या भाजीला गाजर करंगळीएवढंच मिळेल. जाताना सगळ्यांना हे आजच सांगून टाकलं.