पाच रेघा

आमच्या ओपीडीत रक्त काढणारे भाऊ शक्यतो आपली खोली सोडत नाहीत. काही लागलं तर सिस्टरना हाक मारतात. त्या दिवशी ते स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं कापूस दाबून धरलाय. त्या बार्शीच्या बाळाचं थांबेना."

२०२२ चा पावसाळा होता. बाळ म्हणजे सव्वा महिन्याची, सव्वातीन किलोची मुलगी. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे फाइलवर अजून आईचंच नाव. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी अंगात जंतुसंसर्ग पसरला, दूध बंद झालं, हातापायाच्या शिरा मिळेनाशा झाल्या, म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, डाव्या मांडीतल्या मोठ्या शिरेत लाइन, म्हणजे औषधाची बारीक नळी, घातली. लाइननं जीव वाचवला आणि तिनंच त्या शिरेत गुठळीही केली. बाराव्या दिवशी नर्सनं डायपर बदलताना पाहिलं, डावी मांडी उजवीपेक्षा जाड दिसतेय. टेप लावून मोजली तर दीड सेंटिमीटरचा फरक, रंग जांभळट. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुठळी मांडीपासून ओटीपोटापर्यंत चढलेली.

नवजात बाळांच्या बाबतीत हे नेहमीचंच. आपण होऊन गुठळी झालेलं बाळ विरळा. बहुतेक वेळा आम्ही घातलेल्या नळीभोवतीच ती धरते. मी या विषयात आले तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सर चेष्टेनं विचारायचे, "मुलांना कुठं गुठळ्या होतात? म्हाताऱ्यांचा विषय लहान मुलांच्या वॉर्डात कशाला आणताय?" त्यांचंही चूक नव्हतं. कॅनडाच्या बालरक्ततज्ज्ञ मॉरीन अँड्र्यू यांनी १५ केंद्रांतून माहिती गोळा करून १९९४ मध्ये छापली, तेव्हा गुठळी झालेली १३७ मुलं सापडली होती. रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर दहा हजार मुलांमागे ५.३. आकडा छोटाच, पण त्याआधी तोही कोणी मोजलेला नव्हता.

त्याच बाईंनी १९८७ मध्ये एक काम केलं, ज्याच्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. निरोगी नवजात बाळांच्या रक्तात गोठवणारे आणि गोठणं रोखणारे घटक किती असतात, ते एकेक करून मोजलं. बाळाच्या अंगात रक्त असतं किलोमागे सुमारे ८० मिली, म्हणजे आमच्या या मुलीत सगळं मिळून चहाचे तीन कप. त्यातून तपासणीला किती काढणार? तरी त्यांनी थेंबांवर भागवणाऱ्या पद्धती वापरून ते केलं. त्यातून कळलं की बाळाचं रक्त निराळ्याच हिशेबानं चालतं. गोठणं रोखणारा अँटिथ्रॉम्बिन हा घटक मोठ्यांच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. रक्त गोठू न देणारं हेपारिन हे औषध काम करतं ते याच अँटिथ्रॉम्बिनच्या खांद्यावर बसून. शिवाय तान्ह्या बाळाचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं. म्हणून एनॉक्सापॅरिन हे हेपारिनच्याच जातीचं औषध मोठ्या मुलाला किलोला १ मिलिग्रॅम, तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १.५. नवीन रेसिडेंट डॉक्टरला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "मॅडम, उलटं नाही ना झालं?"

तर या मुलीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, मांडीच्या कातडीखाली. औषधाची बाटली १ मिलीला १०० मिलिग्रॅमची, म्हणजे ५ मिलिग्रॅम बसतात एका मिलीच्या विसाव्या भागात. एवढंसं मोजायला इन्सुलिनची सिरिंज बरी पडते. यू-१०० सिरिंजवर १ मिलीत १०० युनिट, म्हणजे एक युनिट बरोबर एक मिलिग्रॅम. अर्ध्या मिलीच्या सिरिंजवर एकेका युनिटची रेघ असते. आईला मिलिग्रॅम नको, मिली नको, दशांश चिन्ह तर नकोच. "पाच रेघा भरायच्या. सकाळी पाच, रात्री पाच." ही युक्ती माझीच आणि तिचा मला अभिमान होता. दोन ठिकाणी भाषणात सांगून टाळ्याही घेतल्या होत्या.

आईचं शिक्षण आठवीपर्यंत, हात मात्र सुबक. एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तिला आम्ही तीन दिवस शिकवलं. बाविसाव्या दिवशी बाळ घरी गेलं. सोबत बाटली आणि २४ सिरिंजा. स्टोअरमध्ये तेवढ्याच शिल्लक होत्या. डिस्चार्ज कार्डावर मी माझ्या हातानं लिहिलं: "इन्सुलिन सिरिंज, ५ रेघा, दिवसातून २ वेळा." आणि चौदा दिवसांनी बोलावलं.

आता त्या सकाळकडे येते. आत गेले तर आजी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या, आई कोपर दाबून धरतेय. कापूस उचलला की लाल ठिपका पुन्हा फुगायचा. दुपटं बाजूला केलं. मांड्यांवर टोचल्याचे डाग असणार हे ठाऊक होतं, पण त्यातले दोन रुपयाएवढे होते, काळेनिळे आणि ताजे. बाळ शांत होतं. जरा जास्तच शांत वाटलं, पण अशा वेळी सगळीच बाळं मला जास्त शांत वाटतात.

"सकाळचं औषध कधी दिलं?"

"सात वाजता बगा मॅडम. टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली तवा दिलं. पळत्या गाडीत हात हलतो."

आता अकरा वाजत होते. डोसनंतर चार तास, म्हणजे औषधाची रक्तातली पातळी तपासायची नेमकी वेळ. निळ्या टोपणाच्या नळीत कसंबसं पुरेसं रक्त आलं होतं. ही तपासणी आमच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदाच लागते. फोन करून आत्ता लावायला लावली. पातळी ०.५ ते १ च्या मधे हवी. तासाभरानं फोन आला: २.१.

पहिल्यांदा वाटलं, नमुन्यात हेपारिन मिसळलं असेल. पण आता बाळाला लाइनच नव्हती. मग किडनी? क्रिएटिनिन व्यवस्थित. बाटली वेगळी आली का? तीच बाटली, तोच बॅच. या विषयात वीस वर्षं घातल्यावर डोकं आधी अवघडाकडेच धावतं. मी अँटिथ्रॉम्बिनची पातळी मागवायची चिठ्ठी लिहायला घेतली होती, तेवढ्यात आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तिला एकदा भरून दाखवायला सांगू या का?"

आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली बाटली. आधी हात धुऊन आली. बाटलीचं रबर पुसलं, उलटी धरली, सिरिंज डोळ्यांच्या रेषेत आणली, औषध ओढलं, टिचकी मारून बुडबुडा वर घालवला. मग ओठ हलवत मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. दट्ट्याची काळी कड पाचव्या रेघेला तंतोतंत टेकलेली. आमच्या इंटर्नना इतकं नेटकं जमत नाही.

बाकावर सिरिंजचं टोपण पडलं होतं. लाल.

यू-१०० चं टोपण नारंगी असतं. लाल टोपण यू-४० चं. आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन अजून ४० च्या ताकदीचं मिळतं, म्हणून मेडिकलच्या काउंटरवर लाल टोपणाचीच सिरिंज जास्त. अमेरिका आणि ब्रिटननं ७०-८० च्या दशकांतच सगळं १०० वर आणून ठेवलं. मी हिशेब तिकडचा धरला आणि दुकान राहिलं इकडचं. यू-४० वर १ मिलीचे ४० भाग. तिथल्या पाच रेघा म्हणजे १२.५ मिलिग्रॅम. अडीच पट.

चोवीस सिरिंजा घरी गेल्यावर बाराव्या दिवशी संपल्या होत्या. वडिलांनी तालुक्याच्या मेडिकलमध्ये माझं कार्ड दाखवलं. कार्डावर "इन्सुलिन सिरिंज" लिहिलेलं, दुकानदारानं इन्सुलिन सिरिंज दिली. दोन दिवसांत चार डोस.

"मी म्हनत हुते," आजी मधेच बोलल्या, "बाटली लई लवकर उतराय लागली. ही म्हनती, डाक्टरनी पाच सांगितल्यात, पाचच भरते." मी आधी विचारलं असतं तर आजींनीच मला तासभर आधी उत्तर दिलं असतं.

मग पळापळ. गळत्या कोपराची मला काळजी नव्हती, मला डोक्याची होती. बाळ वॉर्डात घेतलं, रात्रीचा डोस बंद, प्रोटामिन, म्हणजे या औषधाचा उतारा, भरून उशाशी ठेवलं. ते लगेच टोचलं नाही, कारण या औषधाचा असर ते अर्धामुर्धाच मोडतं, आणि औषध तसंही काही तासांत उतरणार होतं. डोक्यात रक्त दिसलं असतं तर मात्र थांबले नसते. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असते ही केवढी सोय, ते अशा वेळी कळतं. सीटी नको, भूल नको. सोनोग्राफीच्या मॅडमनी जेल कोमट करून टाळूवर लावलं आणि मशीनचा तो अंगठ्याएवढा भाग तिथं टेकवला. पडद्यावर मेंदूच्या करड्या घड्या, मधे पाण्याच्या दोन काळ्या फटी. त्यांनी एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, परत पहिल्या बाजूला आल्या. त्या काम करताना बोलत नाहीत. मी टाळूची धडधड पाहत उभी राहिले.

"क्लीन आहे," त्या म्हणाल्या आणि जेल पुसायला लागल्या.

यापुढचं काम जास्त कठीण होतं. आई जिन्याजवळ उभी होती. तिच्या कानावर "डोस जास्त झाला" एवढंच पडलं होतं. "म्हंजे माज्याच हातानं..." एवढं बोलून ती थांबली. मी तिला बाकावर बसवलं, दोन्ही सिरिंजा शेजारी शेजारी धरल्या, दोन्हींत पाच-पाच रेघा पाणी भरून तळहातावर सोडलं. एक थेंब आणि एक छोटंसं तळं. "तू सांगितल्यापेक्षा एक रेघ जास्त भरली नाहीस गं. कोणती सिरिंज घ्यायची ते मी लिहिलंच नाही. चूक माझी." मुलीचे वडील मागं उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते रागावले असते तर त्यांचा हक्कच होता.

रात्री कोपर सुकलं. सकाळी पातळी ०.२ वर आली. संध्याकाळपासून नारंगी टोपणानं पुन्हा पाच रेघा.

चूक नोंदवण्याच्या फॉर्मवर मी माझं नाव लिहिलं. घरी जाताना रस्त्यावरच्या पहिल्याच मेडिकलमध्ये शिरून "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं. मुलानं मोबाइलवरून नजर न उचलता मागं हात घातला आणि पुढं ठेवली. लाल. कोणती हवी, असं विचारलंही नाही. मी तरी कुठं लिहिलं होतं? सोपं करून सांगायच्या नादात मी आकडे काढून टाकले आणि त्यांच्याबरोबर एककही गेलं.

तोंडानं द्यायच्या औषधांच्या मुलांवरच्या मोठ्या चाचण्या तोवर झाल्या होत्या. रिव्हरॉक्साबानची २०१९ मध्ये छापून आली, त्यात ५०० मुलं होती. पाठोपाठ डॅबिगाट्रानची. पण आमच्या हातात त्या दिवशी बाटली आणि सुई होती. एक अभ्यास मात्र या मुलीच्या कामी आला. लाइनसारख्या तात्पुरत्या कारणानं झालेल्या गुठळीला तीन महिने औषध लागतं की सहा आठवडे पुरतात, हे पाहायला २००८ मध्ये मुलं घ्यायला सुरुवात झाली. पुरेशी मुलं मिळेपर्यंत २०२१ उजाडलं. ४१७ जणांवरचा निकाल २०२२ च्या जानेवारीत आला होता: वाट मोकळी झालेली असेल तर सहा आठवडे पुरेत. तीन महिने म्हणजे १८० सुया, सहा आठवडे म्हणजे ८४. वाचताना मला हा फरक कळलाच होता, पण ती मांडी डोळ्यांसमोर असताना तो वेगळा दिसतो. सहाव्या आठवड्याच्या डॉपलरमध्ये शिरेतून रक्त सरळ वाहत होतं. बंद केलं.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. दुसऱ्यांदा डिस्चार्ज देताना मी कार्डावर व्यवस्थित लिहिलं: ५ मिलिग्रॅम, ०.०५ मिली, यू-१०० सिरिंज, ५ युनिट, नारंगी टोपण. आईनं बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "नारंगी म्हंजी केशरी का?"

"हो."

"आन् दुकानदार म्हनला, ह्योच केशरी, तर?"

सिस्टरनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, ट्रेमधलं एक वापरलेलं नारंगी टोपण उचलून पुसलं आणि सेलोटेपनं कार्डावर चिकटवून टाकलं. वडील ते कार्ड घेऊन त्याच मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराकडे तसलं नव्हतंच. त्यानं सोलापूरहून मागवून दिलं आणि उरलेल्या लाल सिरिंजा परत घेतल्या नाहीत.