पहिले नऊ प्रश्न

अमेरिकेत, एडिसनला परत येऊन दहा दिवस झाले. बॅगा अजून तशाच पडल्यात, पण मुलुंडची एक दुपार डोक्यातून जात नाही, म्हणून आधी हे लिहायला बसले.

माझ्या लेकाचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणा या त्रासाचं, निदान सातव्या वर्षी झालं. तो वर्गात खुर्चीवर टिकायचाच नाही, त्यामुळे शाळेनेच आम्हाला बोलावलं. बालरोगतज्ज्ञांनी दोन फॉर्म दिले, पालकांसाठी ५५ प्रश्नांचा आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्नांचा. त्याला व्हँडरबिल्ट स्केल म्हणतात. त्यातले पहिले नऊ प्रश्न लक्ष न लागण्याबद्दल, पुढचे नऊ चळवळेपणाबद्दल. प्रत्येकाला ० ते ३ गुण, जितकं जास्त वेळा घडतं तितके जास्त. लेकाच्या कागदावर दुसऱ्या नवांत रांगेने तीनच तीन होते.

जुलैत मुलुंडला ताईकडे गेले तेव्हा भाची अभ्यासाला बसली होती. पाचवीत आहे. शांत, गोड पोर, दोन तास जागची हलली नाही. मी वही बघितली. ४८ गुणिले ६. खाली ८ लिहिलेला, हातचा ४ डोक्यावर, आणि पुढे काहीच नाही. समासात मात्र एक कावळा, त्याचं एकेक पीस वेगळं काढलेलं. त्या पावसाळ्यातला तिसरा रेनकोट आदल्याच दिवशी हरवला होता.

"वेंधळी आहे गं, आत्यावर गेलीय," ताई म्हणाली. आई म्हणाली, "मोठी झाली की येईल वळणावर."

रात्री भाची माझ्याशेजारी झोपली होती. म्हणाली, "मावशी, बाई शिकवतात ते मला कळतं. पण मधलं मधलं निघून जातं."

मला पहिले नऊ प्रश्न आठवले.

पळणारं मूल सगळ्यांना दिसतं. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. एडीएचडी असलेल्या मुलींचं निदान कितीदा उशिरा होतं, ते यामुळेच. तोवर "आळशी", "बावळट" हे शब्द तिने स्वतःबद्दल खरे मानलेले असतात. याचं मला फार वाईट वाटतं.

भाचीला एडीएचडीच आहे असं मी म्हणत नाही. फॉर्म म्हणजे निदान नव्हे. रक्ताची चाचणी किंवा स्कॅन करूनही हे ठरत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी लागतात. कान, डोळे, झोप, मनातली भीती, अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी), हे सगळं आधी तपासावं लागतं, कारण वरून ते सारखंच दिसू शकतं. मुंबईत त्यासाठी फार लांब जायला नको. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि सायनला अध्ययन अक्षमतेचीही तपासणी होते. तसं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

ताईला खरी भीती गोळ्यांची होती. तिला मी आमचं जसं झालं तसंच सांगितलं. सहा वर्षांखालच्या मुलांना इथे अमेरिकेत सहसा आधी गोळ्या देत नाहीत, आईबाबांनाच वागणूक हाताळायचं प्रशिक्षण देतात. आमच्या लेकाला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू झालं आणि महिनाभर डबा भरलेलाच परत यायला लागला. मी घाबरले. डॉक्टरांनी डोस कमी केला, सकाळचा नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्यायला सांगितला. अजूनही दर भेटीत उंची-वजन बघतात. तो झोपाळू झाला नाही, बदललाही नाही. हातातलं गणित मात्र पूर्ण करून उठायला लागला.

काल ताईचा व्हिडिओ कॉल आला. पालकांचा भरलेला फॉर्म कॅमेऱ्यासमोर धरला होता. पहिल्या नवांपैकी सातांवर दोन आणि तीन. ओपीडीसाठी तिने बुधवारी रजा टाकलीय.

"बाई म्हणाल्या, ती कुठे त्रास देते?" ताई सांगत होती. "पण शिक्षकांचा फॉर्म ठेवून घेतला त्यांनी."