रिंग वाजली की घास गिळायचा

अपॉइंटमेंट अकराची होती. १०:५८ ला ते गृहस्थ माझ्या केबिनच्या दारात आले आणि चौकट धरून तिथंच उभे राहिले. चेहरा पांढरा. घाम कपाळावरून भुवयांवर, भुवयांवरून चष्म्याच्या काचेवर उतरत होता. तो पुसायचं सोडून त्यांनी मला विचारलं, "उशीर नाही ना झाला मॅडम?"

खुर्चीत बसवलं, सिस्टरना हाक मारली. नाडी १२४, रक्तदाब ९६/६०. पोटात मुरडा येत होता, छातीत धडधडत होतं. वय ४६. एवढं ऐकल्यावर पुढं काय होतं ते ठरलेलं असतं: स्ट्रेचर आलं, ईसीजीचं मशीन आलं, केबिनमध्ये एकदम सात माणसं झाली. अशा वेळी आहारतज्ज्ञानं भिंतीला चिकटून उभं राहावं, बाकीच्यांच्या पायात येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. पण माझ्या टेबलावर त्यांची फाइल उघडी होती आणि मला राहवेना. स्ट्रेचरच्या बाजूनं चालता चालता विचारलं, "आत्ता तासाभरात काय घेतलंत?"

"स्मूदी. लिफ्टमध्ये."

"किती?"

"बाटली. पूर्ण."

"किती वेळात प्यालात?"

त्या अवस्थेतही ते हसले. म्हणाले, "सहा मजल्यांत."

ईसीजीत हृदयाची गती वाढलेली, बाकी काही नाही. बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली, २१४. त्यांना मधुमेह नाही. ड्युटीवरचे डॉक्टर भुवया उंचावून माझ्याकडे बघायला लागले, कारण स्ट्रेचरबरोबर आहारतज्ज्ञ धावत येते हे दृश्य तसं विरळाच. मी म्हटलं, "बायपासचा पेशंट आहे. हृदयाचा नाही, जठराचा."

चौदा महिन्यांपूर्वी त्यांची वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली होती, गॅस्ट्रिक बायपास. वजन ३८ किलोनं उतरलं होतं. सगळं छान चाललेलं. मग तीनेक महिन्यांपासून हे सुरू झालं: काहीतरी खाल्लं की थोड्या वेळानं घाम, धडधड, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं. दोनदा ईसीजी झाला, एकदा छातीला तारा लावून चोवीस तासांची नोंद झाली, सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी 'ताण' असं लिहून मन शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, घाम थांबला नाही. त्यानंतर ते माझ्याकडे आले. मी पंधरा दिवस आहाराची डायरी लिहायला सांगितली होती आणि आज ती बघायची होती.

डायरी मी आदल्याच दिवशी मेलवर बघितली होती आणि खरं सांगायचं तर खूश झाले होते. इतकी नेटकी डायरी मला वर्षातून एखादीच मिळते. दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, भाज्या भरपूर, तळलेलं जवळपास नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्यांची रोज खूण. 'फळांची स्मूदी, ३०० मिली' हीसुद्धा नोंद होती. केळं, ओट्स, दूध, दोन चमचे मध. समोर आलेल्या दुसऱ्या कुणाला मी कदाचित 'वा' म्हटलं असतं. यांच्या बाबतीत मध खटकला होता आणि त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. पण ती बाटली सहा मजल्यांत रिकामी होते हे कळायची सोयच माझ्या डायरीत नव्हती. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. किती वेळात, असा रकानाच नाही. हा तक्ता मीच बनवलेला, नऊ वर्षांपूर्वी.

इथं जठराबद्दल थोडं सांगायला हवं. आपण त्याला पिशवी समजतो, अन्न साठवणारी आणि घुसळणारी. पण त्याचं निम्मं काम थांबवून धरण्याचं आहे. तळाशी पायलोरस नावाचं स्नायूंचं दार असतं. घन अन्न एक-दोन मिलिमीटरइतकं बारीक होईपर्यंत ते दार त्याला फारसं पुढं जाऊ देत नाही, आणि जाऊ देतं तेही थोडंथोडं. नेहमीचं पोटभर जेवण खाली उतरायला सहज चार तास लागतात. म्हणजे आपण पाच मिनिटांत ताट रिकामं केलं तरी पुढचं सगळं धीरानं करायची जबाबदारी जठर मुकाट्यानं स्वतःवर घेतं. आपली घाई ते रोज पोटात घालतं, अगदी शब्दशः.

बायपासमध्ये वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची थैली ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. दार बाजूला पडतं. आता थांबवून धरणारं कुणी नाही. तोंडातून जे ज्या वेगानं जाईल ते जवळजवळ त्याच वेगानं आतड्यात पोचतं. गोड, दाट असं काही एकदम तिथं आलं की ते पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात खेचलं जातं. रक्तदाब उतरतो, नाडी पळते, घाम फुटतो. याला डंपिंग म्हणतात. आर्थर हर्ट्झ यांनी १९१३ साली जठराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या या त्रासाचं वर्णन केलं, डंपिंग हा शब्द १९२२ साली चार्ल्स मिक्स यांनी वापरला. म्हणजे शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे, तरी पेशंट आधी हृदयाच्या दारात जातो, मग मनाच्या, आणि पोटापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो.

निदान पक्कं करायचं तर पेशंटला ग्लुकोजचं पाणी पाजून पुढचे तीन तास नाडी आणि शुगर बघतात. यांनी लिफ्टमध्ये स्वतःच स्वतःची टेस्ट सुरू करून घेतली होती. म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, यांना घरी सोडू नका, अजून दुसरा अंक बाकी आहे.

मधल्या वेळात ते सावरले, गप्पा मारू लागले, निघतो म्हणाले, दुपारची शिफ्ट आहे म्हणाले. आपत्कालीन मदतीचे फोन जिथं येतात तिथं ते शिफ्ट इन्चार्ज आहेत. घड्याळाकडे बघायची त्यांची एक पद्धत आहे: मान हलत नाही, नुसते डोळे जातात आणि परत येतात. १२:२० ला त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. एकच प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरला. शुगर ५१.

हाच दुसरा अंक. साखर धाडकन वाढली की इन्सुलिनही तेवढ्याच जोरानं येतं, आणि साखर खपून गेली तरी ते मागे उरतं. सिस्टरनी तत्परतेनं ग्लासभर साखरपाणी आणलं. त्यांचं चुकलं नाही, कुणीही तेच केलं असतं. पण इथं ग्लासभर साखरपाणी म्हणजे तोच खेळ पहिल्यापासून. आम्ही मोजून पंधरा ग्रॅम ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांनी शुगर ८८ आली, मग चीजचा एक तुकडा दिला. तो त्यांनी कसा खाल्ला ते मी बघितलं. खरं म्हणजे बघायला मिळालंच नाही. तुकडा होता आणि मग नव्हता.

"तुम्हाला सावकाश खायला सांगितलं होतं ना?" मी विचारलं. आवाजात थोडी जरब आली असावी.

"सांगितलंय की. तुमचा कागद मी लॅमिनेट करून टेबलावर ठेवलाय. मुद्दा क्रमांक सात, सावकाश व चावून खा."

यावर काय बोलणार? चौदा वर्षांच्या नोकरीत हा मुद्दा क्रमांक सात मी किती हजार वेळा वाटला असेल. लोक मान डोलावतात, मीही डोलावते. घास बत्तीस वेळा चावा असं सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. जेवताना आकडे मोजणारा माणूस जेवत नसतो, हिशेब करत असतो. पण बत्तीस न म्हणता नुसतं 'सावकाश' म्हणून मी तरी काय वेगळं सांगत होते?

एक वाजता मी आमच्या स्वयंपाकघरातून दोन ट्रे मागवले. त्यांच्यासाठी उकडलेलं अंडं, शिजवलेली भाजी, थोडा भात, दही. माझ्यासाठी तेच, जरा जास्त. म्हटलं, आज आपण बरोबर जेवू. शिकवायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. मला नुसतं बघायचं होतं.

पहिले दोन-तीन घास ते माझ्यासमोर म्हणून शहाण्यासारखे खात होते. मग बोलण्यात रमले आणि खरं जेवण दिसायला लागलं. तोंडात घास असतानाच पुढचा चमचा भरलेला असायचा, आणि तो ताटात टेकायचा नाही. हनुवटीपासून चार बोटांवर, हवेत, तयारीत उभा. तोंड रिकामं झालं की आत. मध्ये श्वासाइतकीही फट नाही. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

माझा मोबाइल. त्यांचा नव्हे. माझ्या पर्समध्ये, माझी रिंगटोन. पण ती वाजली आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. अर्धा चावलेला घास त्यांनी सरळ गिळला होता. पाठ ताठ, चमचा खाली, तोंड रिकामं, बोलायला तयार. हे सगळं दुसरी रिंग वाजायच्या आत.

मी फोन बंद केला. "आत्ता तुम्ही काय केलंत?"

त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ट्रेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तोंडात घास असला तर बोलता येत नाही ना."

कामावर जेवायची सुट्टी कागदावर आहे, पण माणसं कमी, म्हणून डबा डेस्कवरच. समोर फोन. पलीकडे कुणाचा तरी बाप पडलेला असतो, कुणाच्या घरात धूर असतो. अशा माणसाला 'एक मिनिट हं' म्हणता येत नाही. मग एकोणीस वर्षांत शरीरानंच युक्ती शोधली: घास असा घ्यायचा की कोणत्याही क्षणी गिळता येईल, आणि रिंग वाजली की गिळायचा. जोवर जठर शाबूत होतं तोवर ते बिचारं सांभाळून घेत होतं.

मी त्यांना तोवर जरा उतावळ्या, खाण्यावर ताबा नसलेल्या लोकांच्या यादीत टाकलं होतं, हे इथं कबूल करते. आणि आणखी एक. सकाळी लिफ्टमध्ये बाटली का संपवलीत, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल काढून आमचाच मेसेज दाखवला: 'वेळेच्या १५ मिनिटे आधी नोंदणी न केल्यास अपॉइंटमेंट रद्द समजावी.' नोंदणीच्या खिडकीपाशी खाद्यपदार्थ नेऊ नयेत अशी पाटीही आहे. तब्येतीत खायला शिकवणाऱ्या विभागात यायचं म्हणून माणसानं नाश्ता सहा मजल्यांत उरकला होता.

त्या दिवशी मी आहारात फार थोडं बदललं. मध गेला, स्मूदी गेली, तिच्याऐवजी अख्खं फळ आणि त्याच्या आधी काहीतरी प्रथिनांचं. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. जास्त वेळ गेला तो एका पत्रात. त्यांच्या वरिष्ठांना उद्देशून, सर्जनच्या सहीनं: या कर्मचाऱ्याला शिफ्टमध्ये दोनदा, फोनपासून दूर, अर्धा-अर्धा तास मिळणं ही वैद्यकीय गरज आहे, त्या वेळात त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाची नेमणूक असावी. सर्जन सही करताना म्हणाले, "आहारतज्ज्ञ आता ड्युटी चार्ट लिहायला लागल्या का?" मी म्हटलं, "हो."

रात्री घरी बसून डायरीचा तक्ता बदलला. 'किती वेळात' हा रकाना घातला. बराच वेळ विचार करून त्याच्या शेजारी 'मध्ये काय झालं' असा आणखी एक. मेसेजमधली ती ओळ मात्र अजून तशीच आहे; ती बदलायला तीन सह्या लागतात आणि आतापर्यंत एक मिळाली आहे.

सहा आठवड्यांनी ते पुन्हा आले. रोज येणारा त्रास त्या काळात चारदा आला होता, त्यातला एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकनं, ते त्यांनी स्वतःच हसत सांगितलं. नवी डायरी पुढं केली. अक्षर तसंच नेटकं. पहिल्या पानावर, दुपारच्या ओळीत, अंडं, भाजी आणि भात यांच्या पुढच्या रकान्यात '१:१० ते १:३६'. आणि शेवटच्या रकान्यात, जरा दाटीवाटीनं: 'फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा घास गिळला. चमचा खाली ठेवला होता.'