ओह्रिड एका दिवसात उरकू नका

उत्तर मॅसेडोनियात फिरणारे बरेच जण राजधानी स्कोपियेहून सकाळची बस धरून ओह्रिड या तळ्याकाठच्या गावाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. येऊन-जाऊन सहा-सात तास बसमध्येच मोडतात, त्यात ना गाव होतं ना तळं. निदान दोन रात्री मुक्काम करा. आमचा अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा इथे चालला, पण नियम बदलत असतात, निघण्याआधी खात्री करून घ्या.

जुनं गाव टेकडीवर आहे आणि फरसबंद गल्ल्या चांगल्याच चढाच्या. म्हणून टॅक्सीने थेट वरच्या वेशीपाशी, ‘गोर्ना पोर्ता’ला उतरा आणि खाली येत बघा. पहिलं पेरिव्हलेप्टा चर्च. 1295 साली मिहाइल आणि एवतिहिय या दोघांनी त्याच्या भिंती रंगवल्या. योद्धा संतांच्या रांगेत एकाच्या तलवारीवर चित्रकाराने आपलं नाव घातलंय, ते शोधा. शेजारचं आयकॉन, म्हणजे लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या संतचित्रांचं, संग्रहालयही चुकवू नका. पुढे झार सॅम्युएलचा किल्ला. आत फारसं काही उरलेलं नाही, पण तटावरून अख्खं तळं दिसतं. प्लाओश्निकचं चर्च 2002 साली नव्याने उभारलंय आणि ते तसंच कोरं दिसतं. जागेचं महत्त्व मात्र मोठं: नवव्या शतकाच्या अखेरीस संत क्लेमेंट इथेच स्लाव्ह मुलांना अक्षरं शिकवत होते. तिथून झाडीतून उतरलं की कड्यावरचं कानेओ, पोस्टकार्डावरचं तेच ते चर्च. ऊन कलल्यावर पोहोचा. परत येताना पाण्यावरच्या लाकडी वाटेने चाला किंवा होडी करा. भाडं आधी ठरवा.

दुसरा दिवस स्वेती नाऊमला द्या. हा मठ 29 किलोमीटर दक्षिणेला, अल्बेनियाच्या सीमेला जवळजवळ खेटून आहे. उन्हाळ्यात बोट जाते आणि सफर सुंदर आहे, पण बोट परतीची घाई करते. आम्ही जाताना बस घेतली, तेच बरं झालं. चर्चमध्ये संत नाऊम यांच्या समाधीला कान लावून लोक त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकतात. मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या आजींना आलं. बाहेर मोर फिरत असतात, भारतीयांना त्याचं अप्रूप नाही. खरी गंमत मागच्या झऱ्यांवर आहे. गालिचित्सा डोंगरापलीकडचं प्रेस्पा तळं ओह्रिडपेक्षा सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे. त्याचं पाणी चुनखडीतून झिरपत डोंगराखालून येतं आणि इथे वाळूतून बुडबुडत वर निघतं. वल्ह्याच्या होडीतून फेरी मारा. तळाचं गवत हाताला लागेल असं वाटतं, इतकं पाणी नितळ. पुढे हे पाणी तळ्यात मिसळतं आणि दुसऱ्या टोकाला स्त्रुगा गावातून काळी द्रिम नदी बाहेर पडते. त्या स्त्रुगात दरवर्षी काव्यमहोत्सव भरतो. 1983 साली तिथला सर्वोच्च पुरस्कार हिंदी कवी अज्ञेयांना मिळाला होता.

शाकाहारी असाल तर ‘तावचे ग्रावचे’ मागवा: मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेले पांढऱ्या राजम्यासारखे दाणे. मांस घातलंय का, हे मात्र विचारा. सोबत किसलेल्या चीजची शोप्स्का कोशिंबीर. मासे खाणाऱ्यांनी ओह्रिड ट्राउटचा हट्ट धरू नये. तो याच तळ्यात सापडतो आणि धोक्यात आहे. दुकानांतले ‘ओह्रिडचे मोती’ म्हणजे शिंपल्याच्या मण्यांवर माशाच्या खवल्यांपासून केलेल्या चकाकीचे थर. आवडले तर घ्या, पण शिंपल्यात तयार झालेला मोती समजून पैसे मोजू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. जून किंवा सप्टेंबर बरा. रोख देनार जवळ ठेवा, चर्चच्या तिकिटांना लागतात. बसस्थानक जुन्या गावापासून लांब आहे. बॅगा असतील तर टॅक्सीच करा, आणि स्कोपियेचं परतीचं तिकीट आल्या दिवशीच काढून टाका. रविवारी दुपारच्या बस लवकर भरतात.